सिंथेसायझरचा भाता: नवशिक्यांसाठी ऑटोमेशन, पायरीपायरीने

गणपतीच्या दिवसांत सिंधुदुर्गात कुठेही डबलबारीला, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्याला, बसलात, तर बुवांच्या उजव्या हाताकडे सगळ्यांचे लक्ष असते; डाव्या हाताकडे फारसे कोणी पाहत नाही. तो हात पेटीच्या भात्यावर असतो. ओळ वर चढताना तो जोर देतो, शब्द हळुवार असेल तेव्हा सैल पडतो आणि समेच्या आधी क्षणभर थबकून पुन्हा हवा भरतो. संगणकावर सिंथेसायझर वापरणाऱ्या नवशिक्याच्या कामात नेमका हा डावा हात नसतो. मी पहिल्यांदा एका एकांकिकेसाठी केलेला पार्श्वसंगीताचा तुकडा गावातल्या एका जुन्या पेटीवाल्यांना ऐकवला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “सूर बरोबर आसत रे झिला, पण भातो खंय हा?”

ऑटोमेशन म्हणजे तो भाता. सिंथच्या पडद्यावर दिसणारा कोणताही नॉब किंवा पट्टी, मग ती फिल्टरची असो, आवाजाच्या पातळीची असो वा रिव्हर्बच्या (आवाजामागच्या घुमण्याच्या) प्रमाणाची, गाण्याच्या कोणत्या क्षणी किती फिरावी हे सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून ठेवायचे आणि प्रत्येक वेळी गाणे वाजताना सॉफ्टवेअरने ती तशीच फिरवायची, एवढाच त्याचा अर्थ. ही नोंद ट्रॅकच्या खाली एका रेषेच्या रूपात दिसते. रेषेवर बिंदू असतात, दोन बिंदूंमधला प्रवास सरळ किंवा वक्र असतो आणि रेषा वर गेली की नॉब उघडतो, खाली आली की मिटतो.

या लेखात मी रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर आणि सर्ज एक्सटी हा सिंथ धरून चाललो आहे. रीपर हलके आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालते आणि विकत घेण्यापूर्वी ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येते. सर्ज एक्सटी मुक्तस्रोत असून विनामूल्य आहे. एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ किंवा लॉजिक प्रो वापरणाऱ्यांना बटणे वेगळ्या जागी सापडतील, पण विचार बदलत नाही.

आधी हे ठरवा की काम कोणाचे आहे

सिंथमध्ये गोष्टी हलवणारे तीन वेगवेगळे कारागीर असतात आणि नवशिक्यांचा अर्धा गोंधळ एकाचे काम दुसऱ्याला दिल्यामुळे होतो. पहिला सिंथचा स्वतःचा एन्व्हलप: कीबोर्डची पट्टी दाबली की तो दर वेळी नव्याने सुरू होतो आणि त्या एका सुराचा जन्म, टिकणे आणि विरणे ठरवतो. दुसरा एलएफओ, म्हणजे ऐकू येणार नाही इतक्या संथ गतीने झुलणारी लहर. ती एकसारखी वर-खाली होत राहते आणि गाण्यात पुढे काय येणार आहे याची तिला काही कल्पना नसते. तिसरे ऑटोमेशन, ज्याला गाण्याची वेळ ठाऊक असते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे समुद्रावरून चटकन कळेल. लाट दर काही सेकंदांनी येते, तिला दिवस-रात्र सारखीच, ती एलएफओ. भरती मात्र वेळापत्रकाने येते, एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात आणि लाटा कितीही येवोत, पाणी पुळणीवर कुठवर चढेल हे भरतीच ठरवते, ते ऑटोमेशन. प्रत्येक सुरागणिक काही व्हायचे असेल तर एन्व्हलप, अखंड एकसारखे झुलायचे असेल तर एलएफओ आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशीच काही घडायचे असेल तर ऑटोमेशन, हा नियम पहिले सहा महिने पुरतो. पुढे एलएफओची खोलीच ऑटोमेशनने कमी-जास्त करता येते, आणि लाटांवर भरती चढवण्याचा तो प्रकार फार गोड वाजतो.

पहिला धडा: समुद्राची गाज

सूर-ताल बाजूला ठेवून सुरुवात समुद्राच्या आवाजाने करावी, असे माझे मत आहे, कारण त्यात लपायला जागा नसते. गाजेत सूर नसतो, ठेका नसतो. जे काही आहे ते फक्त हालचाल. शिवाय जून ते सप्टेंबर कौलांवर पाऊस असा कोसळतो की घरात माइक लावण्याचा प्रश्नच येत नाही, आणि बाहेर जाऊन खरी गाज टिपायची म्हटली तर वाऱ्यापुढे साधा माइक टिकत नाही. सिंथला पावसाचे काही नाही. वीज तेवढी हवी.

नवा प्रकल्प उघडून टेम्पो ६० ठेवावा. आता एक मात्रा म्हणजे बरोबर एक सेकंद होते, त्यामुळे डोळ्यांनी वेळ मोजता येतो. एक ट्रॅक घेऊन त्यावर सर्ज एक्सटी बसवावा, साठ सेकंदांचा एक मिडी तुकडा (यात आवाज नसून कोणता सूर कधी वाजवायचा याच्या सूचना असतात) तयार करावा आणि त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच लांब सूर काढावा. कोणता सूर, याला महत्त्व नाही, कारण आपण सूर वाजवणारच नाही आहोत.

सर्जच्या मिक्सर विभागात तीन ऑसिलेटरांच्या (मूळ सूर निर्माण करणाऱ्या भागांच्या) रांगेतच नॉइजची पट्टी असते. ऑसिलेटर बंद करून नॉइज चालू करावा. घशात अडकलेल्या रेडिओसारखी खरखर ऐकू येईल. नॉइजचा रंग ठरवणारी पट्टी मधोमध असते तेव्हा तो पांढरा नॉइज, म्हणजे सर्व कंप्रता सारख्या जोराने असलेला आवाज असतो. ती डावीकडे सरकवली की खालच्या कंप्रता जड होतात. समुद्रासाठी थोडी डावीकडे हवी. मग फिल्टर १ साठी लो-पास, म्हणजे खालच्या कंप्रता जाऊ देऊन वरच्या अडवणारा, प्रकार निवडावा आणि त्यातही १२ डेसिबल उताराचा, कारण २४ डेसिबलचा उतार तीव्र असतो आणि आवाज कोंडून घातल्यासारखा होतो. रेझोनन्स, म्हणजे फिल्टर जिथून अडवू लागतो तिथल्या कंप्रतांना मिळणारा उठाव, शून्यावर न्यावा. तो थोडा जरी वर राहिला, तरी फिल्टर फिरताना शीळ घातल्यासारखा आवाज येतो आणि समुद्राचा भास तिथेच संपतो.

आता ऐकत ऐकत कटऑफची, म्हणजे फिल्टरने कोणत्या कंप्रतेपासून अडवायचे ते ठरवणारी, पट्टी हाताने हलवून पाहावी. कटऑफ ३०० हर्ट्झच्या आसपास असताना दूरवर समुद्र असल्यासारखा घुमार येतो आणि ५,००० हर्ट्झकडे नेला की पाणी पायाशी फुटल्यासारखे वाटते. रेकॉर्डिंगचे बटण दाबण्याआधी निदान दहा मिनिटे असे नुसते फिरवण्यात घालवावीत. कोणत्या पट्ट्यात आवाज जिवंत होतो आणि कुठे नुसताच मोठा होतो, हे कळल्याशिवाय रेषा काढणे म्हणजे पेटी न उघडता भाता मारणे.

पट्टी हलवून झाल्यावर लगेच सर्जच्या खिडकीच्या वरच्या बाजूला, रीपरने दिलेल्या ‘पॅरम’ या बटणावर जावे. रीपर तुम्ही शेवटचा हात लावलेला नॉब लक्षात ठेवते. त्या मेन्यूत ‘शो ट्रॅक एन्व्हलप’ निवडले की ट्रॅकखाली कटऑफची आडवी रेषा उघडते (रीपर ऑटोमेशनच्या रेषेलाच एन्व्हलप म्हणते; सिंथच्या एन्व्हलपशी तिची गल्लत करू नये). शेकडो नावांच्या यादीत शोधाशोध करण्यापेक्षा नॉबला हात लावून मग तो बोलावणे, ही सवय सर्वात सोयीची. एफएल स्टुडिओमध्ये ‘टूल्स’ मेन्यूतल्या ‘लास्ट ट्वीक्ड’ मधून हेच होते, तर लाइव्हमध्ये आणि लॉजिकमध्ये ‘ए’ ही कळ दाबून ऑटोमेशनच्या रेषा दाखवता येतात.

ट्रॅकच्या ऑटोमेशनची रीत आता ‘टच’ वर न्यावी आणि नुसते प्ले दाबावे. रीपरमध्ये ऑटोमेशन नोंदवायला रेकॉर्डचे लाल बटण लागत नाही, ही गोष्ट अनेकांना पहिल्या दिवशी बुचकळ्यात टाकते. लाइव्हमध्ये मात्र ‘ऑटोमेशन आर्म’ चालू करून रेकॉर्डच करावे लागते. गाणे वाजू लागले की पट्टी माउसने धरून लाट वाजवावी. मी तारकर्लीच्या किनाऱ्यावर घड्याळ घेऊन बसलो होतो, तेव्हा लाटांमधले अंतर साधारण ९ ते ११ सेकंदांचे भरले होते. पाणी चार-पाच सेकंद हळूहळू उचलते, अर्ध्या सेकंदात फुटते आणि मग चार-पाच सेकंद वाळूवरून सरसरत परत जाते. उचलणे आणि ओसरणे सारख्याच वेळाचे असले, तरी आकार वेगळा: चढताना आधी मंद आणि शेवटी वेगाने, उतरताना आधी वेगाने आणि शेवटी रेंगाळत. हाताला हे आपोआप जमते. माउसने टिंबे मांडणाऱ्याला जमत नाही, म्हणून पहिली नोंद नेहमी हाताने करावी, असा माझा आग्रह आहे.

तीन नावांमधला फरक एकदाच नीट समजून घ्या

टच, लॅच आणि राइट या तिन्ही रीती नोंद करतात, फरक आहे तो हात सोडल्यावर काय होते याचा. टचमध्ये पट्टी सोडली की रेषा आधी नोंदवलेल्या जागी परत जाते, त्यामुळे मधलीच एखादी लाट दुरुस्त करायला ती योग्य. लॅचमध्ये हात सोडला तरी शेवटची जागा पकडून ठेवली जाते आणि गाणे थांबेपर्यंत तीच नोंदवली जाते. राइटमध्ये प्ले दाबल्या क्षणापासून, तुम्ही काही हलवा वा न हलवा, जुने सगळे पुसून नवे लिहिले जाते. राइटला नवशिक्याने हातच लावू नये. त्याच्यामुळे गमावलेल्या संध्याकाळी मी मोजलेल्या नाहीत. नोंद झाली की रीत पुन्हा ‘रीड’ वर आणावी, नाहीतर नंतर सहज म्हणून फिरवलेला नॉबही इमानदारीने लिहून ठेवला जाईल.

हाताची नोंद साफ करणे

प्ले थांबवून रेषेकडे पाहिल्यास शेकडो बिंदूंची माळ दिसेल. ती तशीच ठेवली तरी वाजेल, पण पुढे बदल करणे अशक्य होईल. रीपरमध्ये एन्व्हलपच्या मेन्यूत बिंदूंची संख्या कमी करण्याची सोय आहे. तिने एका लाटेला सात-आठ बिंदू उरतील इतके विरळ करावे. मग एकेका बिंदूवर उजवी क्लिक करून दोन बिंदूंमधल्या प्रवासाचा आकार ठरवावा: सरळ, सावकाश सुरू होणारा, झटकन सुरू होणारा वगैरे. नवा बिंदू शिफ्ट धरून क्लिक केल्यावर येतो. ग्रिडला चिकटण्याची सोय या कामापुरती बंद करावी. प्रत्येक लाट बरोबर दहाव्या सेकंदाला फुटू लागली तर तो समुद्र न वाटता पिठाची गिरणी वाटते, म्हणून एक लाट ९ सेकंदांची, पुढची ११ ची, तिसरी थोडी खुजी असे करावे. एक चांगली लाट घेऊन सहा वेळा चिकटवण्याचा मोह आवरावा. तिसऱ्या लाटेला श्रोत्याला कळते.

एवढ्यावर कटऑफचे काम संपते. आवाजाच्या पातळीची वेगळी रेषा उघडून तिलाही कटऑफसारखे नाचवण्याची इच्छा होईल, पण लो-पास फिल्टर मिटतो तेव्हा आवाज आपोआप कमी होतच असतो, त्यामुळे पातळीत ३ ते ४ डेसिबलपेक्षा जास्त चढउतार केल्यास लाट ओसरताना गाज पूर्ण नाहीशी होते.

सरळ रेषा कानाला सरळ का वाटत नाही

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या कामात ही गोष्ट आडवी येते. कंप्रता दुप्पट झाली की कानाला एक सप्तक चढल्यासारखे वाटते. त्यामुळे २०० वरून ४०० हर्ट्झवर जाणे आणि ४,००० वरून ८,००० वर जाणे हे कानाच्या लेखी सारखेच अंतर आहे, आकड्यांत मात्र एकीकडे २०० चा फरक आणि दुसरीकडे ४,००० चा. बहुतेक सिंथ कटऑफची पट्टी याच हिशेबाने आखतात. म्हणून २०० ते ३,२०० हर्ट्झ अशी चढती रेषा काढली, तर तिच्या मध्यावर १,७०० नसून ८०० हर्ट्झ असतात. दोन सप्तके खाली, दोन वर. एखादा प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला सिंथ किंवा इफेक्ट) असा हिशेब करत नसेल, तर त्याची सरळ रेषा सुरुवातीलाच झप्पकन उघडल्यासारखी वाटते आणि उरलेला वेळ काहीच घडत नाही. तसे झाल्यास रेषा सावकाश सुरू होणारी करावी. डोळ्याला रेषा वाकडी दिसली तरी हरकत नाही.

मिडीच्या जुन्या पद्धतीबद्दलही इथेच सांगतो. १९८३ साली आलेल्या मिडी मानकात नियंत्रणाच्या संदेशाला ० ते १२७ असे १२८ टप्पे असतात. मॉड्युलेशनचे चाक सीसी १ (सीसी म्हणजे अशा नियंत्रण-संदेशाचा क्रमांक), आवाजाची पातळी सीसी ७, आणि फिल्टरचा उजळपणा बहुधा सीसी ७४ वर असतो. कीबोर्डवरचे चाक फिरवून नोंद केली, तर ती मिडी तुकड्याच्या आत राहते आणि तुकडा हलवला की सोबत जाते, हा मोठा फायदा आहे. मात्र सोळा मात्रांवर पसरलेला संथ चढ त्या १२८ पायऱ्यांवरून नेला, तर काही सिंथमध्ये, विशेषतः रेझोनन्स वर असताना, जिन्यावरून पावले टाकल्यासारखे टप्पे ऐकू येतात. प्लगइनच्या नॉबचे थेट ऑटोमेशन याहून कितीतरी बारीक असते. संथ हालचालीला थेट ऑटोमेशन आणि वाजवताना सुचलेल्या चटकन हालचालीला चाक, अशी वाटणी मी करतो.

दुसरा धडा: पेटीमागचा आधारसूर

आता सुराकडे येऊ. भजनाच्या किंवा दशावताराच्या धाटणीच्या चालीला मागे षड्ज-पंचमाचा एक लांब आधारसूर द्यायचा आहे, असे समजा. सर्जमध्ये सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या) लहरीचा साधा आवाज घ्यावा आणि कटऑफ ६०० हर्ट्झवर ठेवावा. मुखड्याच्या आठ आवर्तनांत तो फक्त ९०० पर्यंत न्यावा, अंतऱ्याच्या आधीच्या दोन मात्रांत २,४०० पर्यंत उघडावा आणि अंतरा सुरू झाल्यावर १,५०० ला स्थिरावू द्यावा. अंतऱ्याचा पहिला सूर उघडण्याच्या शिखरावर न पडता किंचित नंतर पडला, तर बुवांनी श्वास घेऊन ओळ उचलल्यासारखे वाटते. मला हे कळायला बराच काळ लागला. माझे आधीचे सगळे चढ बरोबर समेवर टोक गाठत असत आणि पेटी व आधारसूर एकमेकांच्या अंगावर येत असत.

या धड्यात एकाच वेळी दोन-तीन नॉब हलवावेसे वाटतात: कटऑफ, थोडा रिव्हर्ब, थोडी पातळी. तीन रेषा सांभाळण्याऐवजी मॅक्रो, म्हणजे अनेक नॉब एकत्र फिरवणारा एकच नॉब, वापरावा. सर्ज एक्सटीमध्ये असे ८ मॅक्रो आहेत, व्हायटल या दुसऱ्या विनामूल्य मिळणाऱ्या सिंथमध्ये ४. एका मॅक्रोला कटऑफ बराचसा, रिव्हर्ब जरासा आणि पातळी अगदी थोडी जोडावी आणि ऑटोमेशन फक्त त्या मॅक्रोचे करावे. मॅक्रोला मी सरळ ‘भाता’ असे नाव देतो, म्हणजे सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर शोधावे लागत नाही.

ऑटोमेशन करू नये अशाही काही गोष्टी आहेत. ऑसिलेटरचा प्रकार किंवा युनिसनमधल्या (एकाच सुराच्या एकत्र वाजणाऱ्या) आवाजांची संख्या गाणे चालू असताना बदलली, तर खट्ट असा आवाज येण्याची शक्यता असते. डीलेचा काळ बदलला की प्रतिध्वनीचा सूरच घसरतो, जे मुद्दाम हवे असेल तरच करावे.

नॉब हट्ट करतो तेव्हा

‘मी नॉब फिरवतो आणि तो परत जागेवर जातो’ ही तक्रार मला सर्वात जास्त वेळा ऐकू येते. त्या नॉबवर कुठेतरी ऑटोमेशनची रेषा आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. रेषा शोधून ती बदलावी किंवा बायपास (तात्पुरती बंद) करावी. लाइव्हमध्ये याच्या उलट घडते: हाताने नॉब फिरवला की त्याचे ऑटोमेशन गप्प होते आणि ‘री-एनेबल ऑटोमेशन’ दाबेपर्यंत गप्पच राहते. मिक्सरच्या फेडरबाबत, म्हणजे ट्रॅकच्या पातळीच्या पट्टीबाबत, तर मी पातळीचे ऑटोमेशन फेडरवर न करता ट्रॅकवर बसवलेल्या एखाद्या साध्या गेन प्लगइनवर करतो, जेणेकरून शेवटच्या मिक्सिंगला फेडर मोकळा राहतो.

दुसरी चूक माझी स्वतःची, आणि ती भर प्रयोगात झालेली. एकांकिकेत ऐनवेळी एक संवाद वाढला म्हणून मी गाजेचा मिडी तुकडा सहा सेकंद पुढे ढकलला. तुकडा गेला, कटऑफची रेषा मात्र जुन्या जागीच राहिली. परिणामी आई मुलाचे पत्र वाचून गप्प बसते त्या क्षणी, जिथे फक्त दूरचा घुमार हवा होता, तिथे लाट धाडकन फुटली आणि मागच्या रांगेतून कोणीतरी हसले. तेव्हापासून रीपरच्या ‘ऑप्शन्स’ मेन्यूत, तुकड्यांसोबत एन्व्हलपचे बिंदूही हलवण्याचा जो पर्याय आहे, तो चालू आहे की नाही हे मी प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला तपासतो. लाइव्हमध्ये ऑटोमेशन मुळातच तुकड्यासोबत जाते. ‘लॉक एन्व्हलप्स’ चालू केले तर मात्र ते जागेवर राहते.

बाहेर काढण्यापूर्वी

हेडफोनवर सुंदर वाटलेली हालचाल जत्रेतल्या किंवा शाळेच्या पटांगणातल्या स्पीकरवर बऱ्याचदा नाहीशी होते. ६०० ते ९०० हर्ट्झमधला नाजूक चढ तिथे टिकतो, कारण माणसाच्या आवाजाचा पट्टा त्या स्पीकरला चांगला वाजवता येतो. १०० हर्ट्झखालची सगळी मेहनत मात्र वाया जाते. डावीकडून उजवीकडे फिरणाऱ्या आवाजाचे तर विचारूच नका. अशा ठिकाणी बहुतेक वेळा दोन्ही बाजू एकत्र करून मोनो वाजवले जाते, किंवा दोन स्पीकरांपैकी एक बंद असतो. पॅनचे ऑटोमेशन करायचेच असेल तर ते मध्यापासून दोन्हीकडे २०-३० टक्क्यांपलीकडे नेऊ नये.

फाइल तयार झाली की ती मोबाइलच्या स्पीकरवर, स्क्रीन पालथी ठेवून ऐकावी. पडद्यावर रेषा दिसत असताना कान डोळ्यांवर विश्वास ठेवतात आणि नसलेली हालचालही ऐकू येऊ लागते. ऐकताना जिथे कंटाळा आला तो सेकंद कागदावर लिहावा, परत येऊन फक्त तेवढीच जागा टचमध्ये दुरुस्त करावी आणि फाइल नव्या क्रमांकाने सेव्ह करावी. पावसाळ्यात तर प्रत्येक नोंदीनंतर सेव्ह करावी, कारण आमच्याकडे वीज विचारून जात नाही.